विमान सुरक्षा: ‘अब्जात एक’ या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा?

वर्धारोडकर
नागपूरच्या मिहानमधल्या हँगरात बारा वर्षं विमानांच्या पोटात हात घालतोय, म्हणून हा धागा काढतोय. ज्या बिघाडानं अख्खं विमान जाईल, त्याची शक्यता उड्डाणाच्या दर तासाला अब्जात एक एवढीच असावी, असा दंडक आहे. हा आकडा येतो गुणाकारातून. एक यंत्रणा बंद पडण्याची शक्यता लाखात एक, दुसरीचीही लाखात एक, दोन्ही एकदम पडण्याची हजार कोटीत एक. पण दोघींचा एकमेकींशी काही संबंध नसेल तरच! १९८९ मध्ये अमेरिकेत सू सिटीला डीसी-१० विमान पडलं. शेपटीतल्या इंजिनाच्या पंख्याची तबकडी फुटली आणि तिच्या तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणांच्या, म्हणजे तेलाच्या दाबावर विमान वळवणाऱ्या यंत्रणांच्या, नळ्या चिरल्या. कागदावर तीन, शेपटीत शेजारी शेजारी. शंभरावर माणसं गेली. मला या आकड्याची भीती वाटते, कारण तो पाहिला की माणूस पुढं शोधायचं थांबतो.

त्रिमूर्तीनगर
भाऊ, नाही पटलं. आकडा काढून टाकला तर बैठकीत ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं. बोईंगचं ७३७ मॅक्स घ्या. नाक खाली दाबणारी यंत्रणा एकाच सेन्सरच्या भरवशावर, आणि एका वेळी शेपटी ०.६ ऐवजी २.५ अंशांपर्यंत हलवण्याची मुभा तिला नंतर मिळाली. धोक्याचा दर्जा, म्हणजे बिघाड किती घातक ठरेल ही वर्गवारी, आधीच कमी लावलेला; तो मात्र नव्यानं तपासला गेला नाही. दोन अपघात, ३४६ माणसं. इथं आकड्यानं घात केला नाही, तो नीट लावलाच नाही.

वर्धारोडकर
पण दर्जा कमी का लागला? वैमानिक काही सेकंदांत ओळखून आवरतील, असं गृहीत धरलं म्हणून. हे गृहीतक कोणत्या गणितातून आलं, सांगा ना.

सोनेगावची
दादा, तुम्ही दोघंही कागदावरच भांडताय. एका जागी काय काय शेजारी आहे, काय फुटलं तर कशाला लागेल, हे तपासणं सुरक्षेचा हिशोब करायच्या याच पद्धतीत आहे. ते वेगळं शोधायची गरज नाही. आमच्याकडे एकदा आखणीत दोन बाजूंनी गेलेल्या तारा दुरुस्तीनंतर एकाच पट्ट्यात बांधलेल्या सापडल्या. टॉर्च घेऊन फळीखाली वाकले म्हणून दिसल्या. हिशोब तोच होता, विमान बदललं होतं.

त्रिमूर्तीनगर
ताई, मग असा प्रत्येक बदल हिशोब करणाऱ्यांपर्यंत परत पोचतो का?

सोनेगावची
आमचा पोचला, कारण मी लेखी कळवलं. ज्यानं बांधल्या, त्यानं नोंद केली नव्हती.