कापडावर छापायच्या लाकडी ठशांनी संक्रांतीची भेटकार्डे करता येतील का?

दांडियाबाजारकरीण (वडोदरा):
आमच्या घरी सासूबाईंनी जपून ठेवलेले गुजरातेतल्या पेथापूर गावचे काही सागवानी ठसे आहेत. त्यांत एक कुयरी, एक गोल फूल आणि वेलीची अरुंद किनार आहे. पूर्वी त्यांनी अभ्रे आणि टेबलक्लॉथ छापले जात. येत्या संक्रांतीला पुण्याच्या व ग्वाल्हेरच्या नातेवाइकांना त्याच ठशांनी छापलेली भेटकार्डे पाठवावीत, असे आम्हां दोघींच्या मनात आहे. २५० जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाचा) गुळगुळीत कागद आणला आणि कापडाचा ॲक्रिलिक रंग पाणी घालून स्पंजावर पसरून ठसा उठवून पाहिला. परंतु नक्षीच्या कडांना रंग साचतो, मधला भाग कोरा राहतो आणि वाळल्यावर कागद वळतो. जोराने दाबले तर कडा आणखी फासतात. दोष ठशाचा, रंगाचा की कागदाचा? शिवाय ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ हा मजकूर देवनागरीत छापायचा आहे. त्याचा ठसा घरी कोरता येतो का?

कुयरी_आणि_कागद:
ठसे बहुधा उत्तम स्थितीत असावेत. अडचण अशी की कापड दबते, कागद दबत नाही. छिपा ज्या मेजावर कापड छापतो त्यावर जाड कापडाचे अनेक थर ताणून बसवलेले असतात, म्हणून ठशाचा पृष्ठभाग थोडा उंचसखल असला तरी नक्षी पूर्ण उमटते. आपण कडक टेबलावर कडक कागद ठेवून त्यावर कडक लाकूड दाबले, तर जे भाग किंचित उंच असतील तेवढेच टेकतील, आणि जोर वाढवल्याने फक्त तिथला रंग बाहेर ढकलला जाईल. कागदाखाली जुन्या घोंगडीची चौपदरी घडी व तिच्यावर घट्ट विणीचे सुती कापड घालून पाहा.

छोट्या कुयरीला एवढे पुरेल. मोठ्या फुलासाठी मात्र मी क्रम उलटा करण्याचा आग्रह धरेन: ठसा नक्षी वर करून मेजावर ठेवावा, त्याला रंग लावावा, कागद अलगद वर पसरावा, एका हाताने तो घट्ट धरून दुसऱ्या हाताने चमच्याच्या पाठीने सगळीकडे घासावे, आणि एक कोपरा उचलून मधला भाग उमटला की नाही ते पाहावे. कमी वाटल्यास तो कोपरा पुन्हा टेकवून तेवढाच भाग घासता येतो. ठसा वरून मारल्यावर ही संधी मिळत नाही. लाकडात कोरीव कामाच्या मधोमध आरपार भोके असतील तर ती बुजवू नका. कोंडलेली हवा आणि जादा रंग निघून जाण्यासाठीच ती असतात.

रंगात पाणी घालू नका, कागद पाण्यामुळेच वळतो. काचेवर रंगाचा पातळ थर रोलरने पसरून तोच रोलर ठशावरून फिरवा. ॲक्रिलिक फार लवकर वाळतो आणि एकदा कोरीव भागात बसला की निघता निघत नाही, तेव्हा प्रत्येक बैठकीनंतर मऊ दातांच्या ब्रशने ठसा पुसून सावलीत वाळवा. लाकूड पाण्यात बुडवून ठेवल्यास ते वाकते.

सराफ्याजवळ (इंदूर):
वरील उत्तराशी सहमत आहे, पण ॲक्रिलिकऐवजी पिगमेंट शाई, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची शाई, घ्यावी असे माझे मत आहे. डाय शाई, म्हणजे विरघळलेल्या रंगाची शाई, कागदात मुरते आणि लगेच वाळते, मात्र ती पारदर्शक असल्यामुळे रंगीत कागदावर दिसत नाही. पिगमेंट शाई कागदाच्या वर राहते आणि सावकाश वाळते. आपण मराठी माणसे संक्रांतीला काळे नेसतो, मग कार्डही काळे का असू नये? काळ्या कार्डशीटवर पांढऱ्या पिगमेंट शाईने वेल छापा, ती ओली असतानाच पांढरी एम्बॉसिंग पावडर (तापवल्यावर वितळून नक्षीला उठाव देणारी पूड) भुरभुरवा, जादा पावडर झटकून डबीत परत भरा आणि हीट गनने, म्हणजे खूप गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने, चकाकी येईपर्यंत तापवा. पेन्सिलीच्या टोकावरच्या रबराने टिंबे छापून त्यांवर हीच क्रिया केली, तर हलव्याचे दाणे कागदावर बसवल्याचा भास होतो.

पावडर नको तिथे चिकटत असेल तर आधी कागदावर टाल्कम पावडरचा अगदी हलका हात फिरवावा. केस वाळवण्याचे यंत्र येथे उपयोगाचे नाही. ते पुरेसे तापत नाही आणि पावडर उडवते. हीट गन नसेल तर कागदाच्या पाठीमागून गरम इस्त्रीची धग दिली तरी काम होते.

अक्षरांसाठी मोठे खोडरबर कोरता येते. ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने मजकूर सरळ लिहावा, तो कागद खोडरबरावर उपडा ठेवून नखाने घासावा. अक्षरे आपोआप उलटी उतरतात आणि छपाईत सुलट येतात. तरीही पूर्ण ओळ कोरण्याच्या फंदात पडू नका, कारण ‘ळ’ आणि ‘ड’ यांच्या पोकळ्या फार चिवट असतात. एखादा मोठा ‘ति’ कोरावा आणि उरलेले हाताने लिहावे. पूर्ण ओळच हवी असेल तर आपल्याच हस्ताक्षरातला मजकूर रबरी शिक्के करणाऱ्याकडे न्यावा. रेषा मात्र जाड ठेवाव्यात, बारीक पोकळ्या शाईने भरून जातात.

कलमखुश:
कागदाबद्दल थोडेसे. अहमदाबादेत साबरमती आश्रमाजवळच्या ‘कलमखुश’ या हातकागदाच्या केंद्राचा किंवा तसा कोणताही हातकागद आपल्या कुयरीला शोभेल, परंतु खरबरीत कागदावर वेलीची बारीक किनार तुटक दिसेल आणि डाय शाई पसरेल. किनारीसाठी गुळगुळीत कागदच बरा. घडी घालण्यापूर्वी कागद दोन्ही दिशांनी किंचित वाकवून पाहावा. ज्या दिशेने तो सहज वाकतो त्या दिशेने घडी घातल्यास तडा जात नाही. पट्टी लावून शाई संपलेल्या बॉलपेनने घडीची रेघ दाबावी आणि मागे उठलेली कड आत येईल अशी घडी घालावी.

दांडियाबाजारकरीण (वडोदरा):
सर्वांचे आभार. घोंगडीवर कुयरी स्वच्छ उमटली, आणि काळ्या कार्डाची कल्पना सासूबाईंना फारच आवडली. एक शंका उरते: छपाई थेट कार्डावर करावी, की वेगळ्या तुकड्यावर करून चिकटवावी? टपालाचे वजन वाढेल का?

कलमखुश:
वेगळ्या तुकड्यावर करावी. एखादी छपाई बिघडली तरी पूर्ण कार्ड वाया जात नाही. ३०० जीएसएमच्या ए-५ कागदाचे वजन सुमारे ९ ग्रॅम होते, मधोमध घडी घातल्यावर त्याचे १०५ बाय १४८ मिलिमीटरचे कार्ड बनते आणि ते ११४ बाय १६२ च्या पाकिटात बसते. नऊ बाय तेरा सेंटिमीटरचा २०० जीएसएमचा तुकडा आणि पाकीट धरूनही एकूण वजन साध्या पत्राच्या पहिल्या, म्हणजे २० ग्रॅमच्या टप्प्यात राहते. तिळगूळ मात्र निराळ्या पार्सलाने पाठवा.