ट्रॉपिको ६: पुलांपेक्षा भाषणं महत्त्वाची

ट्रॉपिको ६ हा २०१९ चा व्हिडिओ गेम; त्यात आपण बेटांवरच्या एका देशाचे सत्ताधीश होऊन राज्य चालवतो. आधीच्या भागांतल्या एका बेटाऐवजी अनेक बेटं आणि पूल, एवढाच यात बदल आहे असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. निवडणुकीची भाषणं परत आली, हे माझ्यासाठी जास्त मोलाचं! भाषणात एखाद्या प्रश्नाची कबुली द्यायची, कुणाला तरी दोष द्यायचा आणि वर आश्वासनही. मी घरांचं वचन दिलं आणि सगळा पैसा खाणीत ओतला. पुढच्या निवडणुकीत मतं धडाधड घसरली.

बाकी पुलांचंही खरंच. प्रत्येक नागरिक स्वतः ये-जा करतो, त्यामुळे घर एका बेटावर आणि काम दुसऱ्यावर असलं की अर्धा वेळ रस्त्यातच जातो. खाणीजवळ झोपड्या उभ्या राहिल्या की समजायचं, परवडणारी घरं कमी पडली.