फोर्क घरीच कडक करायचाय, जाड ऑइल टाकू का?

वळणवेडा
बाइकला साधा टेलिस्कोपिक फोर्क (पुढचे शॉक) आहे, अ‍ॅडजस्टमेंट काहीच नाही. मागे मोनोशॉक (एकच शॉक), त्याला फक्त प्रीलोडच्या, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची त्याच्या, पायऱ्या. माझं वजन जॅकेट-हेल्मेट धरून ९२ किलो. ब्रेक मारला की पुढून गाडी पार खाली बसते आणि मागून बारीक खड्ड्यातही उडवते. जो तो सांगतोय १० डब्ल्यू ऑइल काढ आणि त्याहून जाड २० डब्ल्यू टाक. फोर्क ऑइल आधी स्वतः बदललंय, त्यामुळे काम जमेल. टाकू का?

स्प्रिंगपंथी
ऑइल राहू दे, आधी सॅग मोज, म्हणजे वजनाने शॉक किती खाली बसतो ते. चाक पूर्ण लटकवून एक माप, गाडी नुसती सरळ उभी धरून दुसरं आणि तू सगळं घालून बसल्यावर तिसरं, दोन मित्र लागतील, एकट्याने होत नाही. पहिल्यातून दुसरं वजा केलं की फ्री सॅग, पहिल्यातून तिसरं वजा केलं की रायडर सॅग. दरवेळी गाडी थोडी दाबून सोड आणि थोडी उचलूनही सोड, सील घर्षणामुळे दोन वेगळे आकडे येतात, त्यांची सरासरी घे. रायडर सॅग एकूण ट्रॅव्हलच्या (शॉक जितका दबू शकतो त्याच्या) साधारण तीस टक्के यायला हवा. आणि पुढच्या पाइपला एक केबल टाय बांधून ठेव, फोर्क किती आत गेला ते त्यावरून कळतं.

डँपररॉड
२० डब्ल्यूचा सल्ला लोक का देतात कळत नाही. साध्या फोर्कमध्ये ऑइल ठरावीक भोकांतून जातं, वेग वाढला की अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे जाड ऑइलने खड्ड्याच्या धारेवर फोर्क जवळजवळ लॉक होतो आणि हात बधिर होतात. वर रिबाउंडही (दबलेला फोर्क परत वर येणं) मंद, मग सलग खड्डे आले की पूर्ण वर यायच्या आत पुढचा दणका, फोर्क खालीखालीच बसत जातो. ब्रेकमध्ये जाड ऑइलने गाडी फक्त सावकाश बसेल, बसेल तेवढीच. किती बसायचं ते स्प्रिंग आणि आतली हवा ठरवते.
अजून एक, डब्ल्यूच्या आकड्यावर जाऊ नका, एका कंपनीचं १० दुसरीच्या ५ इतकं पातळ निघू शकतं. बाटलीवर ४० डिग्रीला सेंटिस्टोक (जाडपणाचं खरं माप) किती लिहिलेत ते बघा.

वळणवेडा
मोजलं, सगळं एमएममध्ये. पुढे ट्रॅव्हल १३०, फ्री सॅग ३८, रायडर ५५. मागे ट्रॅव्हल १२०, फ्री १, रायडर ३६, प्रीलोड शेवटच्या पायरीवर. मागचा आकडा तर तीस टक्केच आला की, मग उडवते का?

स्प्रिंगपंथी
कारण फ्री सॅग १ एमएम आहे. ऐकायला उलटं वाटतं, पण रायडर सॅग बरोबर आणि फ्री सॅग शून्याजवळ म्हणजे स्प्रिंग तुझ्या वजनाला मऊ पडतेय. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही भावा, फक्त गाडीची उंची बदलते. तू मऊ स्प्रिंग दाबून दाबून उंची मिळवलीस, आता सीटवरचा भार जरा हलका झाला की शॉक लगेच पूर्ण वर येऊन आपटतो. मागे जास्त रेटची, म्हणजे मुळातच कडक, स्प्रिंग घे आणि प्रीलोड उतरव, फ्री सॅग १० च्या आसपास आण.
पुढचं उलट आहे, तिथे प्रीलोडच कमी आहे. स्प्रिंगवरचा स्पेसर (स्प्रिंग दाबून धरणारी नळी) साधारण १५ एमएम लांब कर, जाड पीव्हीसी पाइपचा तुकडा दोन्ही टोकांना वॉशर लावून चालतो, टोकं मात्र काटकोनात काप. रायडर सॅग चाळिशीवर येईल. पूर्ण दबल्यावर वेटोळे एकमेकांना टेकत नाहीत ना तेवढं तपासून घे.

डँपररॉड
आणि ऑइल कंपनीने दिलंय त्याच ग्रेडचं, पण ताजं. लेव्हल मोजताना स्प्रिंग बाहेर आणि फोर्क पूर्ण दाबलेला. तरी ब्रेकमध्ये फोर्क तळाला जातोय असं केबल टायवरून दिसलं तर लेव्हल १० एमएमने वर घे, शेवटचा टप्पा कडक होतो. त्याहून फार भरू नकोस, हवेच्या दाबाने सील जातं.

वळणवेडा
मागचा शॉक उघडून ऑइल बदलू का?

स्प्रिंगपंथी
गॅस भरलेला असेल तर अजिबात हात लावू नकोस, आत दाबाखाली नायट्रोजन असतो. स्प्रिंग बदलायलाही स्प्रिंग कंप्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं हत्यार) लागतो, पट्टे-दोऱ्या बांधून करू नकोस. फोर्क कॅपही स्प्रिंगच्या जोराने उडते, पाइप क्लँपमध्ये असतानाच वरचा बोल्ट ढिला करून कॅप थोडी फिरवून ठेव, मग फोर्क काढ, आणि शेवटचे आटे सोडताना कॅप तळहाताने दाबून धर. पुढून गाडी उचलली जाईल, तेव्हा हेडलाइटचा अँगल परत लावून घे, नाहीतर समोरच्यांच्या शिव्या.