मदत हवी आहे : पोर्तुगीज क्रीडा तिकिटावरील मडगावचा शिक्का

फोंड्यातील एका परिचितांच्या संग्रहात एक पाकीट असून, त्यावर ‘इश्तादु द इंडिया’ (पोर्तुगीज भारताचे अधिकृत नाव) असे छापलेल्या क्रीडाविषयक सहा टपाल तिकिटांच्या संचापैकी एक तिकीट आहे. पोर्तुगालने इतर वसाहतींबरोबर गोव्यासाठीही १९६२ साली काढायचा म्हणून हा संच छापला होता. परंतु १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, २९ डिसेंबरपासून येथे भारतीय तिकिटे आली आणि हा संच इथल्या टपालात वापरला गेलाच नाही. तरीही या तिकिटावर मडगावचा शिक्का आहे, हेच कोडे आहे.

शिक्क्यातील दिनांक पुसट आहे. भिंगातून पाहता शाई तिकिटावरून पाकिटावर सलग उतरलेली दिसते, म्हणजे शिक्का मारलेले तिकीट मागाहून चिकटवलेले नसावे. पाकिटावर पत्ता मात्र नाही, आणि शिक्का बनावट असल्याचा संशय बळावतो तो त्यामुळेच. माझ्याजवळच्या कॅटलॉगात केवळ कोऱ्या तिकिटांची नोंद आहे. पाकीट माझे नसल्याने तिकीट भिजवून काढता येणार नाही, आणि ते तपासणीसाठी बाहेर पाठवण्यास मालक तयार नाहीत. किमतीची विचारणा नाही.

मुक्तीनंतर जुने पोर्तुगीज टपाल शिक्के कोणाच्या ताब्यात गेले, आणि मडगावच्या १९६१ मधील अस्सल शिक्क्याचा स्पष्ट ठसा तुलनेसाठी कोणाकडे मिळू शकेल का?