मदत हवी: इंटरनेटशिवाय, फक्त शाळेपुरता विकी चालवता येईल का?

नमस्कार मंडळी. मी गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, सातवी-आठवीला शिकवते. आमच्याकडे गावोगावी कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेले मालगुजारी तलाव आहेत (मालगुजारी म्हणजे जमीनदारीसारखी जुनी पद्धत). 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. पण पाळ (तलावाचा बांध) कुठं कच्ची आहे, कोणता मासा कधी सापडतो, काठावरची कोणती भाजी खायची, हे सांगणारी माणसं आता थकली आहेत. मुलं आजीला, ढिवर (मासेमारी करणाऱ्या) मोहल्ल्यातल्या मोठ्यांना विचारून फार सुंदर लिहून आणतात, आणि वर्ष संपलं की त्या वह्या रद्दीत जातात. मला हे अजिबात सहन होत नाही.

म्हणून विकी हवा. एकानं लिहावं, दुसऱ्यानं भर घालावी, कोणी काय बदललं ते दिसावं. मराठी विकिपीडियावर हे टिकणार नाही, तिथं आधी प्रसिद्ध झालेला संदर्भ लागतो. आजीचं सांगणं चालत नाही.

व्हॉट्सॲप ग्रुप मला नकोच. फोन वडिलांचा असतो आणि ग्रुपमधल्या प्रत्येकाला नंबर दिसतो. मुलींच्या आयांनी हरकत घेतली, ती मला पूर्ण पटते.

शाळेत एक लॅपटॉप आणि दोन जुने संगणक आहेत. पावसाळ्यात नेटचा भरवसा नाही. कोणता विकी घ्यावा? मुलांची नावं कशी ठेवावी? आणि एकमेकांचं लिहिलेलं खोडलं तर काय करायचं?

प्रतिसाद

मॅडम, डोकुविकी हे विकी चालवायचं सॉफ्टवेअर बघा. त्याला डेटाबेस लागत नाही, पानं साध्या मजकुराच्या फाइलींत राहतात. लॅपटॉपवर बसवा आणि साध्या वायफाय राउटरवर दोन्ही संगणक जोडा. नेट नसलं तरी ब्राउझरमध्ये उघडतो. आठवड्याला अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या.

नवी नोंदणी बंद ठेवा, खाती तुम्हीच काढा. खऱ्या नावाऐवजी पळस, मोह, सारस अशी नावं द्या आणि कोण कोण ते तुमच्या रजिस्टरात लिहून ठेवा. खोडाखोडीची चिंता नको, जुनी आवृत्ती परत आणता येते. मात्र परत आणण्याआधी दोघांना समोरासमोर बसवा. आजीनं एक सांगितलं आणि आजोबांनी दुसरं, तर पानावर दोन्ही राहू द्या.

फोटो काढताना कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करा. सारसाच्या घरट्याची जागा तर कुठंच लिहू देऊ नका.

पुढं यातलं काही नेटवर टाकायचं ठरलं, तर पालकांची लेखी संमती आधी. 2023 च्या वैयक्तिक डेटा कायद्यात 18 वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरलंय. विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाच्या फोटोंच्या साठ्यात) दिलेला फोटो कोणीही, धंद्यासाठीसुद्धा, वापरू शकतो. हे पालकसभेत तोंडी समजावून सांगा, नुसती चिठ्ठी घरी पाठवू नका. ज्यांनी माहिती सांगितली त्या म्हाताऱ्या माणसांनाही विचारा, त्यांचं नाव पानावर चालेल का म्हणून.

लॅपटॉपमध्ये विंडोज आहे की लिनक्स? तेवढं कळवा, म्हणजे बसवायची रीत इथंच लिहितो.