एसीबीचा (लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा) सापळा आणि "मुद्दाम अडकवलं": कोर्ट पोलिसांना कधी जाब विचारतं का?

उंबरठा:
मंडळी, नात्यातले एक जण महसूल खात्यात क्लार्क आहेत, मागच्या वर्षी लाचेच्या सापळ्यात सापडले, सध्या निलंबित. त्यांचं म्हणणं, मी मागितलेच नव्हते, तो माणूसच सारखा फोन करायचा की साहेब काहीतरी घ्या पण फाइल हलवा, शेवटी टेबलावर पाकीट ठेवलं आणि मागून पथक आत. खरंखोटं देव जाणे, नातेवाईक म्हणून मी काही त्यांच्या बाजूने शपथ घेणार नाही. पण अमेरिकन सिरियलमधे एन्ट्रॅपमेंट, म्हणजे पोलिसांनीच भरीस घालून गुन्हा करायला लावला, असं म्हटलं की केस उडते, तसं आपल्याकडे आहे का? आणि समजा कोर्टाला पटलं की गुन्हा पोलिसांनीच घडवून आणला, तर त्या अधिकाऱ्याला काही होतं का, की नुसती सुटका आणि सगळे आपापल्या घरी?

खवचट:
नाही घेतले तर अख्खी एसीबी आली तरी काय वाकडं करणार? पाकिटाला पाय नसतात, उचलावं लागतं.

पाटबंधारेवाला (रिटायर्ड):
खवचटराव, इतकं सोपं नसतं. मी पंच म्हणून सापळ्याला गेलोय, दुसऱ्या खात्यातला सरकारी माणूस लागतो म्हणून आमच्या ऑफिसात पत्र यायचं आणि सगळे एकमेकांकडे बघायचे, कारण नंतर वर्षानुवर्षं कोर्टाच्या चकरा. तक्रार आली की लगेच सापळा लावत नाहीत. आधी पडताळणी. तक्रारदाराच्या खिशात व्हॉइस रेकॉर्डर देऊन पंचासोबत पाठवतात, साहेब स्वतःच्या तोंडाने मागतो का ते ऐकायला. मगच नोटांचे नंबर लिहून घेऊन त्यांना अँथ्रासीन पावडर लावायची, ती साध्या उजेडात दिसत नाही, अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली हात निळसर चमकतात. लोकांना ती पावडरच लक्षात राहते पण खरी मेख पडताळणीत आहे. तिथे तक्रारदारच "किती देऊ, बोला ना, हजार चालतील का" असं करत सुटला आणि समोरचा नुसता हं हं करतोय, तर मला विचाराल तर ती मागणी नाही. आमच्या वेळी एका चांगल्या इन्स्पेक्टरने अशा रेकॉर्डिंगवर सापळा लावायलाच नकार दिला होता. सगळे तसे नसतात हेही खरं.

काळा_कोट:
जिल्हा कोर्टात प्रॅक्टिस करतो, जमेल तसं लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

आपल्या कायद्यात एन्ट्रॅपमेंट नावाचा वेगळा बचाव नाही. पण कोर्टांनी याकडे डोळेझाक केली असंही नाही. 1954 चा राव शिवबहादूर सिंग खटला बघा, तेव्हाच्या विंध्य प्रदेश राज्याचे मंत्री, पन्नाच्या हिऱ्यांच्या खाणीच्या लीजसाठी 25 हजार घेताना दिल्लीत पकडले. सुप्रीम कोर्टाने पोलिसांना चांगलं झापलं, लाच देणाऱ्याकडे पैसेच नाहीत आणि उभे करायची ऐपतही नाही तर ते तुम्ही पुरवायचे कशाला, गुन्हा रोखणं तुमचं काम, त्याचं सामान पुरवणं नाही. (आपल्याकडे सापळ्याची रक्कम तक्रारदार आणतो आणि सरकार ती नंतर त्याला परत करतं.) पण गंमत अशी की इतकं झापूनही मंत्र्यांची शिक्षा कायम राहिली! नंतर 1956 मधे रामजनम सिंग खटल्यात न्या. व्हिव्हियन बोस, आपल्या नागपूर हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायाधीश, यांनी फरक स्पष्ट केला, जो आधीच गुन्ह्याच्या वाटेवर निघालाय त्याला पकडायला आमिष दाखवणं वेगळं आणि ज्याने नाही करायचं असं पक्कं ठरवलंय त्याला टोचून टोचून करायला लावणं वेगळं. आजही वकील हेच वाचून दाखवतात.

आता तुमच्या पाहुण्यांसाठी वाईट बातमी. डिसेंबर 2022 मधे नीरज दत्ता केसमधे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने म्हटलंय की मागणी आणि स्वीकार सिद्ध झालाच पाहिजे, पण देणाऱ्याने आपणहून पुढे केले आणि बाबूने ते स्वीकारले तरी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 7 खाली गुन्हाच, तिथे आधी मागणी असायलाच हवी असं नाही. म्हणजे "मी मागितले नव्हते" एवढ्याने भागत नाही, "मी घेतलेही नाहीत" हे पण टिकायला हवं. दुसरीकडे नुसत्या नोटा सापडल्या म्हणून शिक्षा होत नाही, हे बी. जयराज (2014) पासून पक्कं आहे.

अधिकाऱ्याचं काय होतं? बहुतेक वेळा काही नाही. 2014 मधेच किशनभाई केसमधे सुप्रीम कोर्टाने राज्यांना सांगितलं होतं की आरोपी सुटला की का सुटला ते तपासा, तपास अधिकाऱ्याची चूक असेल तर खात्यांतर्गत कारवाई करा. कागदावर मस्त. मी ज्या केसेसमधे सुटका मिळवली त्यातल्या एकाही अधिकाऱ्याला त्यामुळे साधी नोटीस गेल्याचं माझ्या कानावर नाही.

एडिसनकर:
इकडे अमेरिकेत सिरियलमधे दिसतं तसं अजिबात नाही हो. न्यूबर्गचं प्रकरण वाचा, 2009, एफबीआयचा खबऱ्या श्रीमंत असल्याचं सोंग करून एका गरीब वस्तीत गेला, एकाला अडीच लाख डॉलरचं आमिष दाखवलं, ब्राँक्समधल्या सिनेगॉगबाहेर (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) ठेवायचे बॉम्ब पण यांचेच, अर्थात नकली. त्याच्यासकट पकडलेल्या चौघांनी एन्ट्रॅपमेंटचा बचाव घेतला, ज्युरीने फेटाळला, प्रत्येकी 25 वर्षं. अपिलातही हरले. शेवटी 2023 मधे त्याच न्यायाधीश बाईंनी, कॉलीन मॅकमहॉन, तिघांना सोडायचा आदेश दिला आणि लिहिलं की या कटाचा खरा सूत्रधार अमेरिकन सरकारच होतं. चौथा 2024 मधे. म्हणजे पटलं, पण चौदा-पंधरा वर्षं आत काढल्यावर, आणि तेही दयेच्या अर्जावर. इकडची गोची अशी की तुझी आधीपासून तयारी होती का यावर सगळं फिरतं, मग सरकारी वकील तुझं सगळं आयुष्य उकरतो. इंग्लंडचा नियम मला जास्त पटतो, 2001 च्या लूझली निकालानंतर तिकडे मुख्यतः पोलिस कसे वागले ते बघतात, हद्द ओलांडली असेल तर खटलाच थांबवतात.

खवचट:
दयेच्या अर्जावर म्हणजे शेवटी मेहेरबानीच की. बरं, पाकीट हातात घेतलं होतं का पाहुण्यांनी, ते कुणी विचारलंच नाही.

उंबरठा:
विचारलं. ते म्हणतात ड्रॉवरमधे सरकवलं, टेबलावर लोकांना दिसू नये म्हणून. आता यावर मी काय बोलू. काळा_कोट, त्या माणसाच्या आधीच्या फोनांचा काही उपयोग?

काळा_कोट:
ड्रॉवर अवघड आहे, तिथेच स्वीकार दाखवतील. फोनचा उपयोग आहे, पण कॉल रेकॉर्ड कंपनीकडे कायमचे राहत नाहीत, वकिलांना आत्ताच कोर्टात अर्ज करून ते मागवायला सांगा. तक्रारीच्या आधी त्यानेच सतत फोन केलेत आणि यांनी एकदाही केला नाही असं दिसलं तर उलटतपासणीत थोडा जीव येईल, पण नुसत्या कॉल यादीत बोलणं काय झालं ते येत नाही. शिवाय पडताळणीच्या रेकॉर्डिंगची कॉपी घ्या, पंचनाम्यातलं टाइप केलेलं संभाषण नको, मूळ आवाज. हेडफोन लावून स्वतः ऐका. "किती" हा शब्द आधी कोण उच्चारतंय ते बघा आणि मग इथे लिहा.