ओरेमची थिअरी केअर प्लॅनमध्ये नेमकी बसवायची कुठे?

थर्डइयर_बीएस्सी:
सर्जिकल पोस्टिंग चालू आहे. पेशंट ५८ वर्षांचे, जुना डायबेटिस, उजव्या पायाचा अंगठा काढलाय, आज तिसरा दिवस. इन्सुलिन नव्यानेच सुरू झालंय: ३०/७० ची व्हायल, सकाळी २० युनिट, रात्री १२. नर्सिंग केअर प्लॅनच्या पहिल्या पानावर ओरेमच्या सेल्फ-केअर डेफिसिट थिअरीची आकृती काढली, खाली 'पार्टली कॉम्पेन्सेटरी' (काही काम पेशंट करतो, काही नर्स) लिहिलं. मॅडमचा शेरा: 'थिअरी काढून टाकली तरी प्लॅन तसाच राहतो.' काय चुकलं?

ट्यूटर_सिस्टर:
शेरा बरोबर आहे. ओरेम म्हणजे एक साधी वजाबाकी. पेशंटला सध्या स्वतःसाठी काय काय करावं लागणार, त्यातलं त्याला किती जमतं, आणि उरलेलं, म्हणजे डेफिसिट, कोण भरून काढणार. तू थेट उत्तर लिहिलंस, वजाबाकी दाखवलीच नाहीस.

दुसरं, अख्ख्या पेशंटला एकच सिस्टिम चिकटवू नकोस, एकेका कामाला लाव. ड्रेसिंग सध्या पूर्ण तुझ्याकडे, म्हणजे त्या कामापुरतं 'होली (wholly) कॉम्पेन्सेटरी'. संडासला जाताना वॉकर ते धरतात, टाचेवर भार ठेवायला तू आधार देतेस, ते पार्टली. इन्सुलिन घरी त्यांनाच घ्यायचंय, म्हणून ते सपोर्टिव्ह-एज्युकेटिव्ह, म्हणजे तू फक्त शिकवायचं आणि आधार द्यायचा. प्रत्येकापुढे तारीख टाक, कारण पाचव्या दिवशी हेच चित्र बदललेलं असतं.

आठ युनिव्हर्सल रिक्विझिट्समध्ये (प्रत्येकाच्या मूलभूत गरजा) 'हवा: नॉर्मल, पाणी: नॉर्मल' असं भरून पान वाढतं, बाकी काही नाही. या पेशंटचा खरा मजकूर हेल्थ डेव्हिएशनमध्ये (आजारामुळे आलेल्या गरजा) आणि धोके टाळण्याच्या रकान्यात आहे.

मेडिसिन_वॉर्ड:
'नॉलेज डेफिसिट' असं मोघम लिहू नकोस. माहिती असूनही हात किंवा डोळे साथ देत नसतील, तर तो वेगळा डेफिसिट, उपायही वेगळा. सिरिंज हातात दे आणि २० ची खूण दाखवायला सांग. दिसली नाही तर तासभर शिकवून उपयोग नाही.

आपल्याकडच्या व्हायल बहुतेक मिलिलिटरला ४० युनिटच्या, त्यांना लाल टोपणाची सिरिंज. मेडिकलवाल्याने नारिंगी टोपणाची, म्हणजे १०० ची दिली आणि तिच्यावर २० पर्यंत ओढलं, तर ०.२ मिलि येतं, म्हणजे जेमतेम ८ युनिट. साखर उतरत नाही आणि सगळे पथ्याला दोष देतात. उलट १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने २० पर्यंत ओढलं तर ५० युनिट जातात. ते जिवावर बेतू शकतं.

'समजलं का?' विचारलं की पेशंट 'हो' म्हणणारच. करून दाखवायला सांग: व्हायल तळहातांत घोळवून दुधाळ एकसारखी करणं (गदागदा हलवायची नाही, फेस होतो), बेंबीपासून दोन बोटं लांब, टोचल्यावर दहा आकडे मोजून सुई बाहेर. पायरी चुकली तर तीच तुझ्या डेफिसिटच्या रकान्यात.

थर्डइयर_बीएस्सी:
पण ते पायाकडे बघायलाच तयार नाहीत. ड्रेसिंगला तोंड फिरवतात. इन्सुलिनही बायकोच देणार म्हणतात. मग डेफिसिट कोणाचा?

कम्युनिटी_पोस्टिंग:
तोंड फिरवणं ओरेममध्ये ओढूनताणून बसवावं लागतं. त्याला रॉयचं अ‍ॅडाप्टेशन मॉडेल (माणूस बदलाशी कसा जुळवून घेतो, यावरची दुसरी नर्सिंग थिअरी) बरं. तिथे सेल्फ-कन्सेप्ट (स्वतःबद्दलची प्रतिमा) आणि रोल फंक्शन (घरातली-समाजातली भूमिका) हे वेगळे मोड आहेत.

ट्यूटर_सिस्टर:
रॉय चांगली, पण एका प्लॅनमध्ये दोन थिअरी घातल्यास तर व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) दोन्हींवर अडकशील. ओरेममध्येही जागा आहे: बघवत नसेल तर पायाची रोजची तपासणी होणार नाही, म्हणजे क्षमता त्या कामापुरती कमी. सक्ती नको, आधी आरशात टाच दाखव.

बायको देणार असेल तर ती डिपेंडंट-केअर एजंट (पेशंटच्या वतीने काळजी घेणारी), आणि असेसमेंट तिचंही करायचं. ओळ साधारण अशी लिही: 'पत्नीने लाल टोपणाची सिरिंज ओळखली, २० युनिट अचूक भरले; पण साखर ७० च्या खाली गेल्यास तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायची, हे सांगता आलं नाही. उद्या सकाळच्या डोसआधी पुन्हा घेणे.'